टँकमधली माती: कुठून आली, मध्येच का गेली आणि अ‍ॅक्सोलोटलवाले वर वाळू का पसरतात

अ‍ॅक्सोलोटल किंवा न्यूटच्या (दोघेही पाण्यात पाळले जाणारे शेपटीवाले उभयचर) टँकमध्ये जिवंत झाडं लावायची म्हटलं की पहिला वाद मातीवरून होतो, एक जण म्हणतो न्यूट्रिएंट सबस्ट्रेट, म्हणजे झाडांना पोषण देणारी तळाची माती, घालाच, दुसरा म्हणतो अजिबात नको, प्राणी मरेल, आणि खरं सांगायचं तर दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. कारण आज जी माती मिळते ती बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर झाडं होती, फार तर मासे होते, उभयचर नव्हतेच.

सुरुवात मात्र मातीनेच झाली. लंडनचा केमिस्ट रॉबर्ट वॉरिंग्टन याने 1849-50 च्या सुमारास काचेच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली, तळाला वाळू नि चिखल. काही दिवसांनी पानं कुजून पाणी खराब व्हायला लागलं, मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकं खाऊन टाकलं आणि टाकीचा जम बसला. म्हणजे झाडं, प्राणी आणि कुजणं हे तिन्ही एकत्र सांभाळायचं ही कल्पना तेव्हापासूनची.

विसाव्या शतकात अंडरग्रॅव्हल फिल्टर, म्हणजे तळाच्या खड्यांखाली (ग्रॅव्हलखाली) बसणारा फिल्टर, आला, तो तळातूनच पाणी ओढतो, तिथे माती टिकणार कशी? धुतलेली ग्रॅव्हल हाच नियम झाला.

माती परत आणली ती झाडवाल्यांनी. 1980 च्या दशकात जर्मनीत लोहयुक्त लॅटेराइट (जांभ्याची लाल माती) तळात मिसळायची पद्धत रुळली, 1999 मध्ये अमेरिकेत डायना वॉलस्टॅड यांनी साधी बागेची माती खाली आणि वर ग्रॅव्हलचा पातळ थर हा प्रकार सविस्तर मांडला, आणि जपानमध्ये ताकाशी अमानो यांच्या कंपनीने भाजलेल्या मातीचे दाणे आणले, तेच आपलं अ‍ॅक्वासॉइल. झाडांसाठी हे दाणे खरंच उत्तम, मुळं काय सुरेख पसरतात त्यात! पण नवीन असताना ते कित्येक आठवडे विषारी अमोनिया सोडतात आणि पाण्याचा पीएच खाली आणतात, म्हणजे पाणी आम्लधर्मी करतात.

इथेच उभयचरांचा प्रश्न वेगळा होतो. त्यांची कातडी पातळ, पाण्यातलं बरंच काही थेट आत जातं, त्यामुळे अमोनिया अंगावर येतो. शिवाय अ‍ॅक्सोलोटल तोंड उघडून खाणं आत ओढतो, त्याबरोबर दाणे किंवा खडेही जातात आणि आतड्यात अडकतात. म्हणून वॉलस्टॅडची युक्ती थोडी बदलून घेतली गेली: माती खाली, वर ग्रॅव्हलऐवजी दोन-तीन सेंटीमीटर बारीक वाळू, आणि अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट शून्यावर येऊन स्थिर होईपर्यंत प्राणी सोडायचाच नाही. वाळूचा थर फार जाड केला तर खाली ऑक्सिजन पोचत नाही नि माती सडते, तेही बघायला लागतं.

आणि हे सगळं फक्त मुळातून खाणाऱ्या झाडांसाठी, व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरीन वगैरे. अ‍ॅनुबियस, जावा फर्न लाकडाला बांधले की झालं, हॉर्नवर्ट तर नुसतं तरंगत वाढतं, त्यांना माती लागतच नाही.