परभाषाज्ञान आणि आंतरराष्ट्रीय व्यापार

एखाद्या देशातील व्यापारी व कर्मचारी यांना इतर देशांच्या भाषा कितपत येतात, याचा त्या देशाच्या आयात-निर्यातीवर होणारा परिणाम. परदेशी ग्राहक शोधणे, भाव ठरवणे, करारनामा करणे आणि तक्रारी मिटवणे ही कामे शब्दांवाचून होत नाहीत; त्यामुळे दोन्ही पक्षांना समान भाषा नसेल, तर दुभाष्याचा खर्च, विलंब व गैरसमजाचा धोका मालाच्या किमतीवर चढतो. जकात किंवा जहाजभाड्याप्रमाणे हा बोजा बिलात वेगळा दिसत नाही, म्हणूनच तो सहज नजरेआड होतो.

भाषेची अडचण व्यापाऱ्यांनी पूर्वी स्वतःच सोडवली. भूमध्य समुद्राच्या बंदरांत ‘साबीर’ ही मिश्र बोली रूढ होती. रशियन व नॉर्वेजियन व्यापाऱ्यांनी मासे आणि धान्याच्या देवघेवीसाठी ‘रुसेनॉर्स्क’ घडवली.

भाषेच्या व्यापारावरील परिणामाचे मापन मुख्यतः गुरुत्वाकर्षण-प्रतिमानाने होते. डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दोन देशांमधील व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारमानावरून व परस्परांतील अंतरावरून अजमावतात. पुढे त्यात समान भाषा हा घटकही धरला जाऊ लागला. पीटर एगर व आंद्रेआ लासमान यांनी २०१२ मध्ये ८१ शोधनिबंधांतील निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा समान भाषेमुळे व्यापार सरासरी ४४ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. मात्र भाषेबरोबर वसाहतींचा इतिहास, नातेसंबंध व परस्परविश्वासही येतात, आणि त्यांतून निव्वळ भाषेचा वाटा वेगळा काढणे हाच या अभ्यासातील खरा कठीण भाग आहे. झाक मेलित्झ व फरीद तुबाल यांनी २०१४ मध्ये मातृभाषा आणि शिकलेली भाषा यांचा स्वतंत्र विचार करून, संवादाची सुलभता हे व्यापारवाढीचे स्वतंत्र कारण असल्याचे दाखवले. शिकून मिळवलेल्या भाषेलाही व्यापारात मोल आहे, हा यातील महत्त्वाचा बोध होय. मेलित्झ यांच्या २००८ च्या अभ्यासानुसार, व्यापार वाढवण्यात इंग्रजी ही इतर प्रमुख युरोपीय भाषांहून अधिक प्रभावी ठरत नाही.

युरोपीय आयोगासाठी २००६ मध्ये झालेल्या पाहणीत ११ टक्के लघु व मध्यम निर्यातदारांनी भाषेअभावी सौदा गमावल्याचे सांगितले. सौदा ठरल्यावरही शब्द घात करू शकतो. १९६० मध्ये न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयापुढे आलेल्या खटल्यात स्विस खरेदीदार व अमेरिकी विक्रेता यांच्यातील तारा (टेलिग्राम) मुख्यतः जर्मनमध्ये होत्या, परंतु मालासाठी ‘चिकन’ हा इंग्रजी शब्द वापरला होता. जर्मन ‘हून’ या शब्दात कोवळी व जून दोन्ही कोंबडी येते, म्हणून केवळ कोवळ्या कोंबडीसाठी मुद्दाम इंग्रजी शब्द योजला, असा खरेदीदाराचा दावा होता. तो संकुचित अर्थ सिद्ध न झाल्याने जून कोंबड्या पाठवणारा विक्रेता खटला जिंकला.