तीच शेड, कमी पैशात
नेलपेंट आणि मेकअप घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की अमळनेरच्या आमच्या काउंटरवर एक प्रश्न रोज येतो. पुण्या-मुंबईहून माहेरी आलेली लेक पर्समधून एखादी भारी बाटली काढते, नाहीतर मोबाइलवर फोटो दाखवते, आणि विचारते, "हीच शेड स्वस्तात मिळेल का?" बरोबरची आई म्हणते, "महाग शे म्हणजे चांगलंच व्हई!" दोघींशी नीट बोलायला गर्दीत वेळ मिळत नाही, म्हणून हे पत्रक. थोडक्यात सांगायचं तर लेकीचं काम बहुतेक वेळा होतं. आईचं म्हणणं काही वस्तूंना लागू पडतं, नेलपेंटला फारसं नाही.

बाटलीत असतं काय

नेलपेंट पन्नास रुपयांचं असो की दोन हजारांचं, आतला मालमसाला बराचसा सारखा. नखावर कडक, चकचकीत थर धरतं ते नायट्रोसेल्युलोज. ते ज्यात विरघळवलेलं असतं ते इथाइल ॲसिटेट, ब्युटाइल ॲसिटेट हे द्रावक उडून गेले की थर वाळतो. बाटली उघडल्यावर नाकात जातो तो वास त्यांचाच. थर तडकू नये म्हणून त्याला लवचीक ठेवणारं एक रसायन, नखाला धरून राहावं म्हणून रेझीन, आणि मग रंग. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी रंगवायला जो रंग निघाला, त्याच घराण्यातलं हे.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? काही खरंच मालात जातात. भारी बाटलीचा ब्रश रुंद आणि मऊ असतो, रंग बारीक दळलेला असतो, त्यामुळे एका हातातच नख झाकलं जातं. स्वस्तात दोन हात द्यावे लागतात, फिक्या शेडला कधी तीन. बाकीचे पैसे काचेची बाटली, झाकण, मॉलमधलं भाडं आणि जाहिरातीतल्या नटीचे.

आणखी एक हिशोब घरी करून बघा. परदेशी बाटली साधारण १३ ते १५ मिलिची असते, आपल्याकडच्या चालू बाटल्या ६ ते ९ मिलिच्या. समजा १५ मिलिची बाटली ९०० रुपयांना पडली, म्हणजे मिलिला ६० रुपये. ६ मिलिची ६० रुपयांना पडली, तर मिलिला १०. अमळनेरकरांना खरं तर हिशोब शिकवायला नको. १९४५ साली इथे निघालेल्या वनस्पती तुपाच्या कंपनीची पुढे विप्रो झाली, आणि तिचे शेअर ज्यांनी जपून ठेवले त्यांना हिशोब चांगलाच कळलेला आहे. पण मुद्दा वेगळाच आहे. १५ मिलिची बाटली आपल्यापैकी कितीजणी संपवतात? निम्मी होईपर्यंत ती घट्ट होते. अशा बाटलीत रिमूव्हर ओतू नका. त्यातल्या ॲसिटोनने थराची पकड बिघडते आणि रंग पोपडे धरून निघतो. नेलपेंटचं थिनर वेगळं मिळतं. त्याचे दोन-तीन थेंब टाका आणि बाटली दोन्ही तळहातांमध्ये फिरवा. गदागदा हलवलीत तर बुडबुडे होतात आणि तेच नखावर उमटतात.

"फ्री" लिहिलेल्या बाटल्यांबद्दल बऱ्याचजणी विचारतात. टोल्यूईन, फॉर्माल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट ही तीन रसायनं वगळली की कंपन्या "३ फ्री" म्हणतात. पुढे पाच, दहा, काही ठिकाणी वीसपर्यंत आकडे गेलेत. पहिल्या तिघांना अर्थ आहे. त्यापुढचा आकडा जो तो आपल्या मनाने मोजतो, त्याला कायद्याची व्याख्या नाही. आणि "३ फ्री" हवं म्हणून भारीच घ्यायला हवं असंही नाही, शंभर रुपयांच्या आतल्या बाटल्यांवरही ते दिसतं.

शेड कशी जुळवायची

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि थोडा जास्त वेळ द्यायचा तो इथेच.

शेडच्या नावावर जाऊ नका. एका कंपनीची "वाइन" दुसरीची "प्लम" असते आणि तिसरी तिला नुसता नंबर देते. मोबाइलवरच्या फोटोवर तर मुळीच जाऊ नका. फोन रंग उजळ करून दाखवतो, आणि फोटो काढणारीने वर फिल्टर लावलेला असतो. जुनी बाटली रिकामी असली तरी घेऊन या, तळाशी सुकलेला रंगसुद्धा आम्हाला पुरतो. बाटलीही नसेल तर त्या शेडच्या जवळ जाणारा ब्लाउजपीसचा तुकडा आणा.

लाल म्हटलं की डोळ्यांपुढे एकच रंग येतो, पण काउंटरवर तो दोन घराण्यांत विभागलेला असतो. एक लाल निळ्याकडे झुकतो, म्हणजे डाळिंबाच्या दाण्यासारखा, आणि दुसरा केशरीकडे. महागड्या बाटलीतला लाल निळ्याकडचा असेल आणि तुम्ही केशरीकडचा उचललात, तर दोन्ही "लालच" असूनही हातावर पडल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. त्यानंतर बघायचं ते फिनिश, म्हणजे वाळल्यावरची चमक: साधं क्रीम, बारीक चमकीचं शिमर, धातूसारखं मेटॅलिक की बिनचमकीचं मॅट. रंग तंतोतंत जुळला आणि फिनिश चुकलं तर शेड जुळत नाही. उलट फिनिश जुळलं आणि रंगात उन्नीस-बीस फरक राहिला, तर घरात कोणाला पत्ता लागत नाही.

आमच्याकडे पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नखपट्ट्या आहेत, प्रत्येक शेडचे दोन हात दिलेल्या. पट्टी घेऊन दुकानाच्या पायरीवर या आणि उजेडात तुमच्या बोटाशेजारी धरून बघा. आतल्या पांढऱ्या लाइटखाली बघून घरी गेलेली शेड दुसऱ्या दिवशी बदलायला येते, आणि उघडलेली बाटली आम्हाला परत घेता येत नाही. ओला रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, तेही धरून चाला. क्रीम फिनिशच्या लाल, मरून, तपकिरी या शेड स्वस्तात हमखास जुळतात. दोन रंग दाखवणारी किंवा उन्हात रंग बदलणारी शेड मात्र जुळेलच असं आम्ही सांगणार नाही. तिच्यातला चमकीचा मालच महाग असतो.

टिकण्याबद्दल

"स्वस्त आहे, दोन दिवसांत निघतं" ही तक्रार आम्ही ऐकतो. बहुतेक वेळा दोष लावण्यात असतो. भांडी घासून, धुणं धुऊन लगेच नेलपेंट लावलं तर नख पाण्याने फुगलेलं असतं. ते पुन्हा आक्रसलं की वरचा थर सुटतो. नख कोरडं होऊ द्या, रिमूव्हरचा बोळा फिरवून तेलकटपणा काढा, मग दोन पातळ हात द्या आणि नखाच्या टोकाच्या कडेवरूनही ब्रश फिरवा. खापरावरच्या पुरणपोळ्यांचं पुरण मळायचं असेल तर रंग आदल्या दिवशी नाही, काम उरकल्यावर लावा.

आपल्याकडे दुसरा शत्रू हळद. भरीत आणि शेवभाजी हाताने खाल्ली की फिकी गुलाबी नखं पिवळी पडलीच म्हणून समजा. भारी बाटलीचीही पडतात. फिकी शेड आवडत असेल तर वरून साधा पारदर्शक टॉप कोट द्या. गडद शेड लावण्याआधी बेस कोट विसरू नका, नाहीतर रंग काढल्यावर नखच पिवळं दिसतं. बाटली गॅसपासून लांब ठेवा, नेलपेंटमधले द्रावक चटकन पेट घेतात.

मेकअपमध्ये कुठे वाचवायचं, कुठे नाही

लिपस्टिक, काजळ, लायनर, मस्कारा: वाचवा. मस्कारा तर उघडल्यावर तीनेक महिन्यांत टाकूनच द्यायचा असतो, डोळ्यांना संसर्ग होऊ नये म्हणून. त्यावर दीड-दोन हजार घालण्यात अर्थ नाही. एकाच घरात महाग आणि स्वस्त दोन्ही बनतात, हेही माहीत असू द्या. लॉरिआलकडे महागडी लँकोम आहे तशी स्वस्तातली मेबलिनही आहे, हिंदुस्तान युनिलिव्हरकडे लॅक्मे आहे तशी तिच्याहून स्वस्त एल १८ आहे. दोन्हीत माल एकच असतो असं नाही, पण स्वस्तातली म्हणजे अनाड्याच्या हातची असंही नाही.

फाउंडेशनला मात्र आईचं म्हणणं खरं. मोठ्या कंपन्या चाळीस-चाळीस शेड काढतात, छोट्या पाच-सहा, आणि त्यातल्या निम्म्या आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला फिक्या. मग चेहरा राख फासल्यासारखा दिसतो आणि मान वेगळी. एक तर इथे थोडे पैसे जास्त घाला, नाहीतर स्वस्तातल्या दोन शेड घेऊन मिसळा. आमच्याकडून बऱ्याच पार्लरवाल्या ताई असंच करतात. मनगटावर लावून ठरवू नका. जबड्याच्या कडेला लावा, बाजारात एक फेरी मारून दहा-पंधरा मिनिटांनी आरशात बघा. त्वचेवरचं तेल आणि हवा लागून रंग बसायला एवढा वेळ लागतो. लग्नासाठी घेत असाल तर मोबाइलचा फ्लॅश टाकून एक फोटोही काढा. काही सनस्क्रीनवाली फाउंडेशनं फ्लॅशमध्ये पांढरी मारतात.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा लिपस्टिक गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. मेण मऊ होतं आणि तेल वर येऊन थेंब दिसतात, मग ती भारी असली तरी. थेंब टिश्यूने टिपा आणि ती फ्रिजच्या दारात ठेवा. सुधारते.

स्वस्त चालेल, नकली नको

बाजारात मोठ्या परदेशी नावाची लिपस्टिक दीडशे रुपयांना दिसली तर ती त्या कंपनीची नाही. त्याच पैशात स्वतःच्या नावाने विकणाऱ्या देशी कंपनीची लिपस्टिक कधीही बरी, कारण तिच्याबद्दल कोणाला तरी जबाबदार धरता येतं. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-गाव, लायसन्स नंबर, कधीपर्यंत वापरायची ती तारीख आणि एमआरपी बघा. बाहेरून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक लागतो. सौंदर्यप्रसाधनांत वापरायच्या रंगात शिसं दहा लाख भागांत २० भागांपेक्षा जास्त नसावं, असा आपल्याकडचा नियम आहे. नकली माल हा नियम कशाला पाळेल? आणि तोच माल ओठांवरून पोटात जातो. डबीवर काहीच न छापलेली गोरं करणारी क्रीमं आम्ही ठेवत नाही. त्यात पारा निघतो, आणि पारा मूत्रपिंडाला बाधतो. मागू नका.

घरी करायचं, लॅम्पखाली धरून कडक करायच्या जेल नेलपेंटचं किटही आम्ही मुद्दाम ठेवत नाही. लॅम्प आणि जेल जुळले नाहीत तर जेल आतून कच्चं राहतं, आणि कच्चं जेल कातडीला लागून ॲलर्जी होते. एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. त्यातलं टीपीओ नावाचं रसायन युरोपात १ सप्टेंबर २०२५ पासून बंद झालं आहे. जेल हवंच असेल तर ते काम पार्लरमध्ये, हात बसलेल्या बाईकडून करून घ्या.

श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधीच्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा शेड जुळवणं नीट होत नाही. त्याआधी दुपारी निवांत या. हाताचा जुना रंग काढून या, म्हणजे तुमच्याच नखावर एक हात देऊन बघता येईल. रिमूव्हर आमचा.