स्टीलचे भांडे, जुना रुपया आणि चुंबक

भांड्यांच्या दुकानात खिशातून लहानसा चुंबक काढून डब्याला, तांब्याला, पातेल्याला लावून पाहणारे गिऱ्हाईक आता दुर्मीळ राहिलेले नाही. चुंबक चिकटला, की ‘यात लोखंड मिसळलेले आहे’ असा निकाल लागतो. चिकटला नाही, तर भांडे अस्सल ठरते. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी या परीक्षेला शास्त्रीय कसोटीचा मान मिळवून दिला आहे आणि काही दुकानदारही ती मोठ्या ऐटीत करून दाखवतात. या परीक्षेतला पहिलाच गैरसमज असा, की स्टीलमध्ये लोखंड ‘मिसळावे’ लागते. स्टील म्हणजे मुळात लोखंडच. ज्या ३०४ क्रमांकाच्या स्टेनलेस स्टीलला बाजारात अस्सल मानतात, त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास लोखंड असते. निकेल हाही चुंबकाकडे ओढला जाणारा धातू आहे. म्हणजे ज्या भांड्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग चुंबकाच्या दोन आवडत्या धातूंचा बनलेला आहे, त्याच भांड्याकडे चुंबक ढुंकूनही पाहत नाही.

उलट बाजूही तितकीच गमतीची आहे. ४३० क्रमांकाच्या स्टीलमध्ये १६ ते १८ टक्के क्रोमियम असते, निकेल जवळजवळ नसते आणि त्याला चुंबक चटकन चिकटतो; पण गंज रोखण्याचे काम मुख्यतः क्रोमियम करते, त्यामुळे तेही खरेखुरे स्टेनलेस स्टीलच आहे. स्वस्त भांड्यांत वापरल्या जाणाऱ्या २०० मालिकेतील स्टीलमध्ये महागड्या निकेलचा बराचसा हिस्सा काढून त्या जागी मँगनीज घातलेले असते आणि त्याला चुंबक चिकटत नाही. त्यामुळे चुंबक घेऊन गेलेले गिऱ्हाईक ४३० चे भांडे बनावट म्हणून परत ठेवते आणि २०० मालिकेतले भांडे ३०४ च्या भावाने समाधानाने घरी आणते. धार टिकवून धरणाऱ्या चांगल्या स्टीलच्या सुऱ्यादेखील बहुधा चुंबकाला चिकटणाऱ्याच असतात.

शाळेच्या पुस्तकात पदार्थांचे तीन वर्ग शिकवले जातात. प्रतिचुंबकी पदार्थ चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकलले जातात, समचुंबकी पदार्थ अगदी किंचित ओढले जातात आणि लोहचुंबकी पदार्थ जोरात ओढले जातात. यांतला पहिला प्रकार मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये शिशाच्या जड काचेचा तुकडा शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये टांगून ओळखला. तो तुकडा लोखंडाप्रमाणे ध्रुवांच्या रेषेत न राहता त्या रेषेला आडवा झाला. पाणी, तांबे, सोने आणि आपले शरीर हे सगळे याच वर्गात मोडते. १९९७ मध्ये नेदरलँड्समधील नायमेगेन येथे सुमारे १६ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राची तीव्रता मोजण्याचे एकक) क्षेत्रात जिवंत बेडूक हवेत तरंगवून दाखवला गेला, तोही याच दुबळ्या प्रतिचुंबकत्वाच्या आधारावर. दुबळे म्हणजे किती, तर बाहेरच्या क्षेत्राला तांबे जेमतेम एक लाखांश भागाइतका विरोध करते, आणि ॲल्युमिनियम सुमारे दोन लाखांश भागाइतकी साथ देते. घरगुती चुंबकाला यांतले काहीच जाणवत नाही. म्हणून व्यवहारात आपण पहिल्या दोन्ही वर्गांना मिळून ‘चुंबक चिकटत नाही’ एवढेच म्हणतो.

खरे कोडे तिसऱ्या वर्गाचे आहे, आणि पाठ्यपुस्तके नेमकी तिथेच घाई करतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्पिन या अंगभूत गुणधर्मामुळे एक इवलासा चुंबक असतो, विरुद्ध स्पिनच्या जोडीत दोघांचे चुंबकत्व एकमेकांना खोडून काढते आणि लोखंडात बिनजोडीचे इलेक्ट्रॉन असतात, एवढे सांगून धडा संपतो. पण बिनजोडीचे इलेक्ट्रॉन इतरही अनेक पदार्थांत असतात. तेवढ्याने पदार्थ फार तर समचुंबकी होतो, कारण उष्णतेच्या धक्क्यांनी ते इवले चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून बसतात. लोखंडात मात्र शेजारचे असंख्य अणू एकाच दिशेला तोंड करतात. त्यांना एका रांगेत कोण उभे करते?

‘एक होकायंत्र जसे शेजारच्या होकायंत्राची सुई फिरवते, तसेच’ हे सुचणारे पहिले उत्तर. ते हिशेबाला टिकत नाही. लोखंडाच्या शेजारशेजारच्या अणूंमधले निव्वळ चुंबकी आकर्षण इतके क्षीण आहे, की निरपेक्ष शून्याच्या वर एखाद-दुसऱ्या अंशाची उष्णतादेखील ती रांग मोडायला पुरेशी ठरावी. प्रत्यक्षात लोखंडाचे लोहचुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. १९०७ मध्ये पिएर वाइस यांनी पदार्थाच्या आत एक प्रचंड ‘अंतर्गत क्षेत्र’ असले पाहिजे असे गृहीत धरले आणि त्याआधारे बरेच काही बरोबर समजावून सांगितले; परंतु ते क्षेत्र खरोखरच चुंबकी असेल, तर ते हजार टेस्लांहून अधिक भरते. रुग्णालयातील एमआरआय यंत्रे बहुधा दीड किंवा तीन टेस्लाची असतात, यावरून या आकड्याचा अवाढव्यपणा लक्षात यावा. हा घोळ १९२८ मध्ये वेर्नर हायझेनबर्ग यांनी सोडवला. रांग लावणारे बल चुंबकी नाहीच, ते विद्युत बल आहे. त्याला विनिमय आंतरक्रिया म्हणतात, आणि मला भौतिकशास्त्रातल्या ज्या थोड्या कल्पनांचे वारंवार अप्रूप वाटते, त्यांत ही वरच्या क्रमांकावर आहे.

ती समजून घेण्यासाठी एका विचित्र नाट्यगृहाची कल्पना करावी. इथे प्रत्येक खुर्चीवर दोन प्रेक्षक बसू शकतात, पण एकाने लाल टोपी घातलेली असेल तर दुसऱ्याची निळीच हवी. एकाच रंगाच्या दोघांना एका खुर्चीवर बसण्याची सक्त मनाई आहे. हा भौतिकशास्त्रज्ञ पाउली यांचा नियम; प्रेक्षक म्हणजे इलेक्ट्रॉन, आणि टोपीचा रंग म्हणजे स्पिन. सगळे प्रेक्षक एकमेकांचा तिटकारा करणारे आहेत, कारण ऋण प्रभारांमध्ये प्रतिकर्षण असते. लाल आणि निळा एका खुर्चीवर बसले तर जागा स्वस्तात मिळते, पण चेंगराचेंगरी सोसावी लागते. सगळ्यांनी लालच टोप्या घातल्या, तर नियमामुळेच प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची घ्यावी लागते आणि चेंगराचेंगरी टळते. मात्र स्वस्त खुर्च्या भरल्यावर उरलेल्यांना पुढच्या रांगेचे जास्त भाडे, म्हणजे जास्त ऊर्जा, मोजावी लागते. आता सगळे अवलंबून आहे ते भाड्याच्या तक्त्यावर. ॲल्युमिनियममध्ये एका रांगेतून पुढच्या रांगेत जाताना भाडे झपाट्याने चढते, म्हणून जोडीने बसणेच परवडते. लोखंड, कोबाल्ट आणि निकेल यांच्या विशिष्ट कक्षांमध्ये अनेक रांगांचे भाडे जवळजवळ सारखे असते, त्यामुळे पुढे सरकण्याचा खर्च कमी आणि चेंगराचेंगरी टाळण्याचा लाभ मोठा ठरतो. परिणामी बहुसंख्य इलेक्ट्रॉन एकाच रंगाची टोपी घालतात, आणि एका खिळ्यातील अब्जावधी अणू एका दिशेला तोंड करतात. सोयीची बैठक शोधताना एकाच रंगाच्या टोप्यांचा जो गठ्ठा तयार होतो, तेच चुंबकत्व.

इथवर आलेल्या वाचकाने घरातला जुन्या नाण्यांचा डबा काढावा. १९५० च्या दशकातला रुपया शुद्ध निकेलचा होता. तो चुंबकाला चिकटतो. त्यानंतरचे अकरा बाजूंचे दोन रुपयांचे नाणे तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल अशा मिश्रधातूचे आहे. त्यात निकेल भरपूर असूनही ते चिकटत नाही. निकेलच्या त्या सारख्या भाड्याच्या रांगांमध्ये दर हजार अणूंमागे साधारण सहाशे निळ्या जागा रिकाम्या असतात. त्या रिकाम्या आहेत म्हणूनच लाल टोप्या बहुसंख्य आहेत. तांब्याच्या अणूत निकेलपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असतो आणि तो त्या रिकाम्या जागांवर जाऊन बसतो. तांब्याचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास पोहोचले, की जागा भरतात, दोन्ही रंग सारखे होतात आणि लोहचुंबकत्व मावळते. या चित्रातला हिशेब ढोबळ आहे, आणि नंतरच्या संशोधनाने त्यात बरेच बारकावे आणले. पण ७५ टक्के तांब्याच्या नाण्यात लोहचुंबकत्व का उरत नाही, हे त्यावरून नीट कळते. डब्यातले ॲल्युमिनियमचे दहा आणि वीस पैसे समचुंबकी आहेत. आजचे स्टेनलेस स्टीलचे रुपये मात्र ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियमचे असल्याने चुंबकाला घट्ट धरतात. त्यांना कोणी ‘भेसळीचे’ म्हणून परत करत नाही.

आता पुन्हा भांड्याकडे येऊ. भाड्याचा तक्ता केवळ मूलद्रव्यावर ठरत नाही. अणू एकमेकांपासून किती अंतरावर आणि कोणत्या मांडणीत बसले आहेत, यावरही तो ठरतो. साध्या लोखंडात घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि पोटात मधोमध असे अणू असतात. ९१२ अंशांच्या वर ही मांडणी बदलते आणि पोटातल्या अणूऐवजी घनाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू येतो. ३०४ स्टीलमधील निकेल आणि स्वस्त स्टीलमधील मँगनीज यांची खरी कामगिरी ही, की ते ही दुसरी मांडणी थंड झाल्यावरही टिकवून धरतात. या मांडणीत लोखंडाच्या काही शेजाऱ्यांना एकाच दिशेला तोंड करणे सोयीचे पडते, तर काहींना विरुद्ध दिशेला. त्या ओढाताणीत नेहमीच्या तापमानाला कोणतीच रांग लागत नाही आणि स्टील समचुंबकी राहते. निकेलची स्वतःची मांडणीही हीच असून ते लोहचुंबकी आहे, हा आक्षेप चाणाक्ष वाचक घेईल. तो योग्यच आहे. मांडणी एकटी निर्णायक नसते, तीत कोणते अणू बसले आहेत हेही तितकेच महत्त्वाचे असते. १९०३ मध्ये जर्मनीत फ्रिट्स हॉइस्लर यांनी तांबे, मँगनीज आणि ॲल्युमिनियम या तीन लोहचुंबकी नसलेल्या धातूंपासून लोहचुंबकी मिश्रधातू बनवून याची दुसरी बाजू दाखवली होती.

याचा पुरावा स्वयंपाकघरातच मिळतो. ३०४ च्या वाटीच्या सपाट तळाला चुंबक लावावा आणि मग दुमडलेल्या काठाला, किंवा पळीच्या वाकवलेल्या मानेला लावावा. पुष्कळदा तिथे तो थोडासा ओढला जातो. थंड अवस्थेत पत्रा ताणल्याने आणि दुमडल्याने त्या जागेचे काही अणू सरकून जुन्या, चुंबकी मांडणीच्या जवळ गेलेले असतात. भांडे तेच आणि रासायनिक घटकही तेच, फक्त बैठक बदललेली.

याच अज्ञानावर आणखी एक व्यापार चालतो, तो चुंबकी कडी, पट्टे आणि गाद्यांचा. ‘रक्तात लोह असते, म्हणून चुंबकाने रक्ताभिसरण सुधारते’ असे त्यांचे विक्रेते सांगतात. रक्तातील लोहाचे अणू हिमोग्लोबिनच्या भल्यामोठ्या रेणूंमध्ये एकमेकांपासून दूरदूर बसवलेले असतात, त्यामुळे त्यांची रांग लागण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉर्येल यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले, की प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन प्रतिचुंबकी असते, म्हणजे ते चुंबकापासून किंचित दूरच जाते. एमआरआय यंत्राच्या क्षेत्रात तासभर पडून राहिलेल्या माणसाचे रक्त जिकडच्या तिकडे वाहत राहते. मनगटावरच्या कड्याने ते हलेल अशी आशा कोणी बाळगू नये.

भांडे ३०४ चे आहे की २०० मालिकेचे, हे ओळखायचे असेल, तर रासायनिक तपासणी करावी लागते किंवा क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणारे हातातले यंत्र वापरावे लागते. चुंबकाचा खरा उपयोग इंडक्शनच्या शेगडीसाठी भांडे निवडताना होतो, कारण ती शेगडी लोहचुंबकी बुडाच्या भांड्यावरच नीट चालते. तिथेही चुंबक भांड्याच्या अंगाला लावून उपयोग नाही. पुष्कळ भांड्यांचे अंग न चिकटणाऱ्या स्टीलचे असते आणि बुडाला बाहेरून चिकटणाऱ्या स्टीलची चकती बसवलेली असते. म्हणून भांडे उपडे करून बुडाला मधोमध चुंबक लावून पाहावा.