देवल क्लब, पेटी आणि कोल्हापूरची बैठक : पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या गाण्याचा इतिहास सांगायला कुणी बसले की सुरुवात शाहू महाराजांपासून होते. दरबार, दरबारचे खाँसाहेब, पॅलेस थिएटर, हा क्रम सगळ्यांच्या तोंडात बसला आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. देवल क्लब, ही इथल्या गानरसिकांची संस्था, 1880च्या दशकातला. शाहू महाराज गादीवर आले 1894 साली आणि गवई अल्लादिया खाँ दरबारी रुजू झाले ते त्याच्याही नंतर. म्हणजे गाणे ऐकण्यासाठी ठरवून जमणारी मंडळी या गावात आधीपासून होती. राजाश्रयाने त्यांना थोर गवई दिले, पण त्यांचे कान त्यापूर्वीच तयार होऊ लागले होते. पुढे राजाश्रय आटला तरी इथले गाणे का आटले नाही, याचे उत्तर या मंडळींकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही.

क्लब म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. गादी, तंबोरे, तबला, पेटी, आणि गवयाच्या हातभर अंतरावर बसलेले श्रोते. तान चुकली तर कळते आणि समेवर चोख आली तर दाद तिथल्या तिथे मिळते. खाँसाहेबांची जयपूर-अत्रौली गायकी, तिचे अनवट राग आणि लयीशी बांधलेली पेचदार तान, अशा जवळच्या ऐकण्यातच उलगडते. या गायकीला जाणता श्रोता लाभला तो अशा बैठकांमधून, असे माझे मत आहे.

1921-22 ही दोन वर्षे गावाला जड गेली. ऑक्टोबर 1921 मध्ये गायक-नट केशवराव भोसले ऐन एकतिशीत गेले. मे 1922 मध्ये शाहू महाराज गेले आणि अल्लादिया खाँ मुंबईला निघून गेले. बहुतेक कहाण्या इथे थांबतात. पण खाँसाहेबांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले, आणि मला ही गोष्ट दरबाराइतकीच मोठी वाटते. भूर्जी खाँचे भाऊ आणि मल्लिकार्जुन मन्सूरांचे गुरू मंजी खाँ 1937 साली वारल्यावर मन्सूर पुढच्या तालमीसाठी भूर्जी खाँकडेच आले. कोल्हापुरात जन्मलेल्या धोंडूताई कुलकर्णी लहान वयात त्यांच्याकडे शिकल्या. घराणे मुंबईत नावारूपाला आले खरे, पण त्याची शिकवणी या गावातल्या घरांत चालूच होती.

आता पेटीविषयी. हा विषय कोल्हापुरात आजही बैठक संपल्यावर चहाच्या वेळी निघतो आणि अर्ध्या तासात मिटत नाही.

गोविंदराव टेंबे कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे. संगीतकार, नट, लेखक असे ते पुष्कळ काही होते. पण भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला त्यांनी पेटीची जी साथ केली, तिने साथ म्हणजे काय याची कल्पनाच बदलली. गवयाच्या पाठोपाठ सूर दाबत राहणे ही साथ नव्हे. त्याने सोडलेली जागा ओळखून भरणे आणि त्याला पुढचे सुचेल इतकी मोकळीक ठेवणे, ही साथ. कोल्हापूरच्या पेटीवाल्यांना हा वस्तुपाठ घरच्या अंगणात मिळाला. त्यात संगीत नाटकांमुळे पायपेटी वाजवणारे हात गावात भरपूर होते.

मग एकामागून एक दारे बंद होऊ लागली. बोलपट आले आणि नाटक मंडळ्या बसल्या. काही वाजवणारे चित्रसंस्थांकडे वळले. कोल्हापुरात 1929 साली उभी राहिलेली प्रभात 1933 मध्ये पुण्याला गेली. गावात स्टुडिओ राहिले, पण सगळ्यांना पुरेल इतके काम राहिले नाही. उरला रेडिओ. आणि 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली.

बंदीची कारणे पोकळ नव्हती. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या सुरांना बांधलेल्या असतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यावर निघत नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेली पेटी तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधाराशी जुळत नाही, हे कुठलाही सुरेल गळा सांगेल. हा वाद आपल्या भागात रेडिओच्याही आधीचा आहे. सांगलीच्या एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरने 1910 साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, इंग्रजीत पुस्तक काढले होते, आणि एका इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुती-हार्मोनियम घडवून घेण्याचा खटाटोप झाला होता. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या वाद्यावर बरीच खडाजंगी झाली. 1940 साली रेडिओच्या निर्णयामागे इंग्रज अधिकाऱ्यांचे मत होते, तसा रवींद्रनाथ ठाकुरांचा पाठिंबाही होता. वाद्य परदेशातून आलेले, हाही मुद्दा त्या काळात अनेकांना पटणारा होता.

तरीही निर्णय चुकला, असेच मी म्हणेन. मींड गवयाच्या गळ्यात असते, साथीने ती मोडू नये एवढीच अपेक्षा. आणि कुठे बोट ठेवायचे नाही हे जाणणारा पेटीवाला ती मोडत नाही. सुरांचे म्हणाल तर कारागीर पितळी सूर घासून पेटी हवी तशी लावून देतो. सारंगीये दरबारांबरोबर कमी होत चालले होते. नव्या गवयाला रियाजाला आणि मैफलीला जे वाद्य सहज मिळत होते, तेच नेमके वगळले गेले. रेडिओवर गायचे म्हणजे ज्याच्याबरोबर वर्षानुवर्षे घटवले त्याला घरी ठेवून जायचे, अशी पाळी आली. बंदी सैल झाली 1971 मध्ये, तीही साथीपुरती आणि ठरावीक दर्जाच्या कलाकारांसाठी. एकतीस वर्षे म्हणजे वाजवणाऱ्यांची एक अख्खी पिढी.

या एकतीस वर्षांत पेटी कुठे वाजली, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ती भजनात वाजली, शिकवणीत वाजली, आणि क्लबसारख्या खोल्यांत वाजली, कारण तिथे रेडिओचा नियम लागू नव्हता. 1949 च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबारची उरलीसुरली नेमणूकही इतिहासजमा झाली. 1963 साली सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले तेव्हा कोल्हापूरच्या गवयांना हाकेच्या अंतरावर माइक मिळाला, पेटीवाल्यांना मात्र तो लगेच मिळाला नाही. आज देवल क्लबच्या रंगमंदिराला गोविंदराव टेंब्यांचे नाव आहे. त्या नावामागे हा सगळा काळ आहे, हे तिथे तिकीट काढून बसणाऱ्या तरुण श्रोत्याला कुणीतरी सांगितले पाहिजे.

अलीकडच्या पंचवीस वर्षांत घड्याळाचा प्रश्न आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी कडक केली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. डॉल्बीच्या भिंतींपुढे खिडक्यांची तावदाने थरथरताना ज्यांनी अनुभवली आहेत, ते या नियमाला नावे ठेवणार नाहीत, आणि मीही ठेवत नाही. पण किंमत मोजली ती रात्रभर चालणाऱ्या मैफलींनी. मंडपात दरबारी आणि मालकंस हे रात्रीचे राग आठ वाजता उरकावे लागतात, अडाण्यापर्यंत गाडी जात नाही. पहाटेची भैरवी ऐकून घरी जाण्याची सवय असलेल्या पिढीला हे फार लागले.

इथे एक तपशील नजरेआड होतो. बंद सभागृहाला या नियमात सूट आहे, अट एवढीच की आवाज आतल्या आत राहावा. म्हणजे मोठ्या मैदानावर जे बंद झाले ते लहान खोलीत अजून शक्य आहे. शंभर माणसांच्या बैठकीला भिंतीएवढे कर्णे लागत नाहीत. चांगली खोली असेल तर माइकही लागत नाही. रात्रीच्या रागांसाठी खास बैठका भरवण्याची संधी गावातल्या आयोजकांनी अजून पुरेशी घेतलेली नाही.

2019 आणि 2021 चे महापूर आणि मधली टाळेबंदी यांनी गावातल्या साजिंद्यांचे हाल केले. कार्यक्रमाच्या बिदागीवर घर चालवणाऱ्याला ना पगार ना रजा. कुणी पेटी-तबले पाण्यातून वाचवले, कुणाचे गेले. भिजलेली पेटी दुरुस्त होते, पण सूर गंजले की जुना आवाज परत येत नाही.

त्यानंतर 8 ऑगस्ट 2024 ची रात्र. दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती होती आणि आदल्या रात्री त्यांच्याच नावाचे नाट्यगृह जळाले. 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेली ही वास्तू. रंगमंच गेला, प्रेक्षागृह गेले. रस्त्यावर उभे राहून रडणारी माणसे त्या रात्री सगळ्या गावाने पाहिली. गावातले मुख्य नाट्यगृह गेल्यावर कार्यक्रमांचा भार लहान सभागृहांवर आला. देवल क्लब तर तिथून चार पावलांवर.

नाट्यगृह होते तसेच उभारावे, ही मागणी लगेच झाली आणि ती मान्यही झाली. दर्शनी बाजू, कमानी, दगडकाम यांवर खूप चर्चा झाली आहे. आवाजावर त्या मानाने कमी झाली. ती इमारत माइक येण्याच्या आधीच्या काळातली. नटाचे पद शेवटच्या रांगेत पोहोचावे म्हणून बांधलेली. लाकूड, छताची उंची, पडद्यामागची खोली यांतले थोडे बदलले तरी आवाज बदलतो. म्हणून नवे नाट्यगृह ताब्यात घेण्यापूर्वी एका सकाळी तिथे तंबोरा, तबला आणि पेटी घेऊन विनामाइक गाऊन पाहावे, आणि मागच्या रांगेत क्लबचे जुने श्रोते बसवावेत. सगळी यंत्रणा बसल्यावर ही परीक्षा घेण्यात अर्थ उरणार नाही. छताचे आतले काम चालू असतानाच ती घ्यायला हवी.