शिसं चिकटतं, कॅडमियम निसटतं

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्टीशेजारच्या शेतात किलोभर मातीमागे 100 मिलिग्रॅम शिसं वाढलं, तर ते किती झालं? एकरातल्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात साधारण 8 ते 9 लाख किलो माती असते. म्हणजे 80-90 किलो शिसं. मोटारीच्या आठ-दहा बॅटऱ्यांत तेवढं निघतं. भंगाराच्या एका टेम्पोत याहून जास्त असतं.

हे शिसं सहसा खोल उतरत नाही. चिकणमातीचे पापुद्रे, लोहाची ऑक्साइडं आणि कुजलेला सेंद्रिय भाग ते आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतात. याला अधिशोषण म्हणतात. पापुद्र्यांवर नुसत्या विद्युतभाराच्या ओढीने बसलेला धातू कॅल्शियम किंवा अमोनियम आलं की जागा सोडतो. लोह ऑक्साइडशी थेट बंध जुळला, तर तो सहजी सुटत नाही.

सगळी मेख सामूत, म्हणजे मातीच्या आम्लतेच्या मापात (पीएच) आहे. सामू जितका कमी, तितकी माती आम्लधर्मी. आम्लधर्मी मातीत हायड्रोजन त्याच जागा बळकावतो. लोह ऑक्साइडवर शिसं सामू 5 च्या आसपासच चांगलं चिकटतं, कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूला मात्र 7 च्या जवळ जावं लागतं. म्हणून चुनखडीच्या काळ्या जमिनीत दोन्ही अडकतात, तर कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या मातीत कॅडमियम पिकात जाण्याचा धोका जास्त. चीनच्या 2018 च्या शेतजमीन मानकातही भात सोडून इतर पिकांसाठी शिशाची मर्यादा सामू 5.5 पर्यंत किलोला 70 मिलिग्रॅम आहे, 7.5 च्या वर 170. त्यात बॅटरीतलं सल्फ्युरिक आम्ल शेतात वाहून आलं, तर धातू आणि त्याला मोकळं करणारं आम्ल एकदमच येतात.

नमुना घेताना बहुतेक घोळ होतो. नेहमीच्या माती परीक्षणासारखा 15 सेंटिमीटरचा एकच नमुना घेतला, तर धुरातून बसलेला वरचा थर खालच्या स्वच्छ मातीत मिसळून आकडा पातळ होतो. न नांगरलेल्या जागी वरचे 5 सेंटिमीटर वेगळे घ्या. भट्टीपासून वारा जातो त्या दिशेला 50, 100, 250, 500 मीटरवर, प्रत्येक ठिकाणी आठ-दहा जागांची माती एकत्र करून अर्धा किलो ठेवा. उलट दिशेचा एक नमुना तुलनेसाठी हवाच. जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको, प्लास्टिकची घ्या. सावलीत वाळवा. प्रयोगशाळेकडून एकूण धातू आणि डीटीपीए-निष्कर्षित धातू (डीटीपीए या रसायनाने मातीतून सुटून येणारा, पिकाला मिळू शकेल असा भाग), दोन्ही मागा. जस्त-लोहाच्या तपासणीसाठी डीटीपीए अर्क काढतातच. त्यातच शिसं-कॅडमियम मोजता येतं. एकूण आकडा मोठा आणि डीटीपीए लहान असेल, तर माती अजून धरून आहे.

आम्लधर्मी जमिनीत चुना टाकून सामू 6.5 ते 7 वर आणणं हा स्वस्त उपाय. अमोनियम सल्फेट बंद, शेणखत चालू. पण बॅटरीच्या आतल्या शिशाच्या जाळ्यांत अँटिमनी आणि आर्सेनिकही असतं. पाण्यात ती शिसं-कॅडमियमसारखी धनभारित नव्हे, तर ऋणभारित रूपात वावरतात, त्यामुळे सामू वाढला की उलट सुटू लागतात. तीही तपासल्याशिवाय चुना ओतू नये.

पालक-मेथीला चुन्याचा फारसा उपयोग नाही. तिथे बरंचसं शिसं मुळातून चढत नाही, धुळीतून पानांवर बसतं. भट्टी धुमसते आहे तोवर त्या पट्ट्यात कापूस किंवा झेंडू बरा.