अनुदान आणि कर्ज : 'मदत' या एकाच शब्दातल्या दोन गोष्टी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गणपती पेठेत शिरलं, त्यात आमच्या मामाचं दुकानही बुडालं. पूर ओसरल्यावर सरकारचं सानुग्रह अनुदान खात्यात आलं आणि माल भरायला मामानं पतसंस्थेतून कर्ज काढलं. घरात दोन्हीला 'मदत'च म्हणायचे. अनुदान खर्चून विषय संपला. हप्ते मात्र मामी पुढे कित्येक महिने वहीत टिपत होती.

युद्धातून सावरणाऱ्या देशांना परदेशातून मिळणाऱ्या 'मदती'च्या बातम्यांतही हाच घोळ असतो.

श्रीलंकेतलं यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपलं. त्यानंतर भारतानं तिथे ५० हजार घरांसाठी पैसे दिले, त्यातली ४६ हजार उत्तर आणि पूर्व प्रांतांत. हे अनुदान होतं. बहुतेक कुटुंबांना साडेपाच लाख श्रीलंकन रुपये टप्प्याटप्प्यानं थेट बँक खात्यात मिळाले आणि घर त्यांनी स्वतः बांधून घेतलं. आपल्याकडच्या घरकुलासारखंच. परत काही द्यायचं नव्हतं.

त्याच भागातला उद्ध्वस्त लोहमार्गही भारतानंच पुन्हा घातला. ऑक्टोबर २०१४ मध्ये, २४ वर्षांनी, जाफन्यात रेल्वे आली. हे पैसे मात्र कर्जाऊ होते. भारताच्या एक्झिम बँकेचं, म्हणजे आयात-निर्यातीसाठी कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेचं, असं कर्ज रोख हातात पडत नाही. मर्यादा मंजूर होते आणि त्यातला साधारण तीन चतुर्थांश माल नि सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. व्यापाऱ्यानं उधारी द्यावी, पण माल आमच्याच पेढीवरून उचला म्हणावं, तसं.

कर्ज वाईटच, असं मी म्हणणार नाही. जपाननं १९६१ मध्ये बुलेट ट्रेनसाठी जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलर घेतले आणि १९८१ पर्यंत फेडलेही. पण राहतं घर पैसा मिळवून देत नाही. लढाईत घरातला कमावता माणूस गेलेल्या बाईनं व्याज कुठून भरायचं? तिथे अनुदानच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रेल्वेचं तसं नाही, ती तिकिटाचे पैसे मिळवते. अडचण एवढीच की ते रुपयांत येतात आणि परदेशी कर्ज बहुधा डॉलरमध्ये फेडायचं असतं.

एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेकडचे डॉलर आटले आणि तिनं बहुतेक परदेशी कर्जांची फेड थांबवली. भारताकडून घेतलेली कर्जंही त्यात आली. घरांच्या बाबतीत थांबवायला हप्ताच नव्हता.