प्रॉडक्ट ओनर आणि डेव्हलपमेंट टीम : रोजच्या बोलण्यामागचा इतिहास

मुंबईच्या आयटी कंपन्यांमध्ये, अंधेरीच्या सीप्झपासून मालाडच्या माइंडस्पेसपर्यंत, स्क्रम, म्हणजे छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत, आता सवयीचा झाला आहे. तरीही टप्प्याच्या शेवटी काम दाखवायच्या बैठकीत, म्हणजे स्प्रिंट रिव्ह्यूमध्ये, ग्राहकाचं 'आम्हाला हे नको होतं' हे वाक्य कानावर येतंच. अशा वेळी खापर टीमवर फुटतं. माझ्या मते ते चूक आहे. मागणी करणारा आणि कोड लिहिणारा यांच्यातलं अंतर फार जुनं आहे. ते मिटवणं, म्हणजे काय बनवायचं ते ग्राहकाच्या वतीने ठरवणं, हे प्रॉडक्ट ओनरचं काम.

१९७० मध्ये विन्स्टन रॉईस यांनी मोठ्या सॉफ्टवेअर प्रणाली कशा उभाराव्यात यावर निबंध लिहिला. त्यातली पायऱ्यांची आकृती पुढे 'वॉटरफॉल' म्हणून गाजली. नुसतं एकेक पायरी उतरत जाणं धोक्याचं आहे, ग्राहकाला कामात गुंतवून ठेवा, हेही त्याच निबंधात होतं. लोकांनी आकृती उचलली आणि इशारा सोडून दिला.

१९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी नवी उत्पादनं घडवणाऱ्या टीमला रग्बीच्या संघाची उपमा दिली. तिथूनच 'स्क्रम' हे नाव आलं. १९९३ मध्ये जेफ सदरलंड यांनी ईझल कंपनीत ही पद्धत वापरली आणि १९९५ मध्ये केन श्वेबर यांच्यासोबत ती जाहीरपणे मांडली. त्याच सुमारास क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगारप्रणालीवर काम करताना केंट बेक यांनी ग्राहकाचा माणूस टीमच्या जवळच बसवण्याचा आग्रह धरला. तो प्रकल्प २००० मध्ये थांबला, कल्पना मात्र टिकली. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटामधल्या स्नोबर्ड इथे सॉफ्टवेअर क्षेत्रातले १७ जण जमले आणि स्क्रमसारख्या लवचीक पद्धतींचा 'अजाईल' जाहीरनामा तयार झाला. व्यवसायाची माणसं आणि डेव्हलपर यांनी प्रकल्पभर रोज एकत्र काम करावं, हे त्यातलं एक तत्त्व.

मुंबईची वाट वेगळी होती. टीसीएस इथे १९६८ मध्ये सुरू झाली, सीप्झ १९७३ मध्ये उभं राहिलं. पुढे काम वाढलं ते परदेशी ग्राहकांचं. ग्राहक सातासमुद्रापार असल्यामुळे सगळा भरवसा कागदावर. रिक्वायरमेंटवर, म्हणजे काय हवं त्याच्या यादीवर, ग्राहकाचा साइन-ऑफ (मंजुरीची सही) घ्यायचा, नंतर काही बदललं तर चेंज रिक्वेस्ट आणि तिचे वेगळे पैसे. अशा करारात साधी शंका विचारणंसुद्धा महाग पडतं. अजाईल आलं तेव्हा अनेक ठिकाणी करार तोच राहिला आणि ग्राहकाच्या गरजा टिपणाऱ्या बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या हुद्द्याचं नाव तेवढं प्रॉडक्ट ओनर झालं. निर्णय मात्र न्यूयॉर्कमध्येच, म्हणजे साडेनऊ-साडेदहा तास मागे. सकाळच्या स्टँड-अप या छोट्या बैठकीतल्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत इथे रात्र होते.

ग्राहक याच शहरातला असला तरी प्रश्न सुटत नाही. म्युच्युअल फंडाच्या अ‍ॅपचं उदाहरण घ्या. स्टोरीत, म्हणजे टीमला दिलेल्या कामाच्या छोट्या वर्णनात, एकच ओळ असते : 'एसआयपीची तारीख सुट्टीला आली तर व्यवहार पुढच्या कामकाजाच्या दिवशी.' स्टोरी नेमकी करण्याच्या चर्चेत, म्हणजे रिफाइनमेंटमध्ये, डेव्हलपर विचारते, सुट्टी कुणाची? १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद असतात, शेअर बाजार एरवीसारखा चालू राहू शकतो. बँक खात्यातून हप्ते आपोआप कापणारी, एनपीसीआय या पेमेंट संस्थेची नॅच सेवा तर १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालते, म्हणजे हप्ता रविवारीही कापला जाऊ शकतो. मग पैसे गेले आणि युनिट अजून नाहीत, त्या मधल्या काळात गुंतवणूकदाराला स्क्रीनवर काय दिसावं? हे कुठल्याच साइन-ऑफमध्ये लिहिलेलं नसतं. प्रॉडक्ट ओनर समोर असेल तर पाच मिनिटांत ठरतं. नसेल तर डेव्हलपर अंदाज बांधते आणि तो अंदाज लाइव्ह जातो.

त्यात नियमही बदलत राहतात. शेअर बाजाराची सेटलमेंट, म्हणजे शेअर आणि पैशांची देवाणघेवाण, टप्प्याटप्प्याने टी+१ वर, म्हणजे व्यवहारानंतरच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवसावर आली, २७ जानेवारी २०२३ ला ते स्थित्यंतर पूर्ण झालं. ब्रोकरच्या प्रणालींमध्ये असे बदल करताना ऑपरेशन्स, नियमपालन बघणारा कम्प्लायन्स विभाग आणि टीम यांच्यामधला दुवा प्रॉडक्ट ओनरच असतो, आणि त्याचं काम स्टोरी लिहून दिल्यावर संपत नाही.

स्क्रमचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडनेही हळूहळू हीच दिशा धरली. २०२० च्या आवृत्तीत टीमच्या आतली वेगळी 'डेव्हलपमेंट टीम' काढून टाकली. आता प्रॉडक्ट ओनर, पद्धत नीट पाळली जाते ना हे बघणारा स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर मिळून एकच टीम. प्रॉडक्ट ओनरच्या निर्णयांचा सगळ्या संस्थेने मान राखावा, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. निश्चित किमतीच्या करारात नेमकं हेच अडतं. तिथे बॅकलॉगचा, म्हणजे करायच्या कामांच्या यादीचा, क्रम बदलायचा तरी दोन्हीकडच्या मॅनेजरांची सही लागते, आणि ती येईपर्यंत टीम जुन्याच क्रमाने काम करत राहते.